सायखेड्याच्या कपाटाचा रंग

लग्न करून मी या घरात आले तेव्हा माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलेलं होतं. यांनी ते स्वतः केलं होतं, खणांमध्ये नवीन वर्तमानपत्रं अंथरून, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकून. उरलेल्या अर्ध्यात मुलीचे कपडे होते आणि सगळ्यात वरच्या खणात जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं. त्यात तिच्या आईच्या साड्या आहेत हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी यांची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली तेव्हा मुलगी लहान होती, तिसरी-चौथीत. माझं स्वतःचं लग्न लांबतच गेलं होतं. मखमलाबादच्या बाजूला आमची गुलाब-झेंडूची शेती. वडील अंथरुणाला खिळलेले आणि आईला एकटीला ते झेपत नव्हतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करता करता माझी पस्तिशी उलटली, ते घरात कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. स्थळ सांगून आलं तेव्हा एवढंच कळलं की मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो, स्वतःचं लहानसं रो हाउस आहे आणि मुलगी शहाणी आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मुलगी मला मावशी म्हणायची. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, कधी ताट बाजूला सारलं नाही. मी केलेली भाजी आवडली नाही तरी संपवायची आणि स्वतःचं ताट घासून ठेवायची. पाहुणी वागते तसं ती स्वतःच्याच घरात वागत होती, आणि ते माझ्यामुळे, असं मला सारखं वाटत राहायचं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

कपाट तिच्या खोलीत होतं. इतकं जड, की ते हलवायचा विचार कुणी केला नव्हता. तिच्या आजोबांनी, म्हणजे सायखेड्याच्या नानांनी, ते लेकीच्या लग्नात दिलेलं. शेताच्या बांधावरचा साग पाडून गावातल्या सुताराकडून करून घेतलं आणि ट्रॅक्टरमध्ये घालून नाशिकला आणलं. पुढे दरवर्षी दिवाळीच्या आधी नाना पिशवीत वॉर्निशचा डबा आणि ब्रश घालून यायचे, दिवसभर बसून कपाटाला एक हात द्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. हे सगळं मला यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं हात चढत जाऊन त्या सागाचा रंग जवळजवळ काळा झाला होता, वर काचेसारखी चमक. लेक गेल्यावर नाना एक-दोनदा नातीला बघायला आले, वॉर्निश न आणता. माझं लग्न झाल्यावर तेही थांबलं. रविवारी फोन यायचा तो फक्त नातीला. ती गच्चीवर जाऊन बोलायची.

मला रोज सकाळी साडी घ्यायला त्या खोलीत जावं लागे. मुलगी झोपलेली असायची. मी दार उघडताना बिजागरी वाजू नये म्हणून दार किंचित उचलून धरायची, कपडे काढायची आणि तसंच दार लावून निघायची. दोन वर्षं मी त्या कपाटातून चोरासारखे कपडे काढले. माझ्याच नवऱ्याच्या घरात, मला दिलेल्या खणातून.

नववीची परीक्षा संपली आणि मुलगी म्हणाली, तिला तिची खोली जरा उजेडाची करायची आहे. मैत्रिणीच्या घरी सगळं पांढरं होतं, भिंतीही आणि टेबलही. बोलता बोलता तिने कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, हे पण पांढरं केलं तर छान दिसेल ना, मावशी?

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की ती माझ्याकडे बघतच राहिली.

यांना विचारलं तर यांनी जेवता जेवता मान हलवली. चांगलं सागवान आहे, पण तुम्हा दोघींना हवं असेल तर द्या रंग, एवढंच म्हणाले. परवानगी सगळ्यांची होती. तरी मला माहीत होतं की मुलीने ते सहज म्हटलं होतं, आणि एक आठवडा मी गप्प बसले असते तर ती विसरूनही गेली असती. मी गप्प बसले नाही. ते काळं कपाट मला नको होतं. ते नाहीसं करायची हिंमत माझ्यात नव्हती. निदान ते दुसरंच कुठलं तरी दिसावं, एवढंच मला हवं होतं.

रंगाच्या दुकानात मी पांढरा ऑइल पेंट मागितला. दुकानदाराने विचारलं, कशावर द्यायचाय? वॉर्निश केलेल्या जुन्या लाकडावर, म्हटल्यावर त्याने डबा काउंटरवर ठेवला पण हात काढला नाही. म्हणाला, आधी पॉलिश पेपरने घासून चमक मारावी लागेल, मग प्रायमर, मग हा. मी विचारलं, थेट दिला तर चिकटणार नाही का? तो म्हणाला, चिकटेल हो, टिकणार नाही. दिसायला दोन महिने फर्स्ट क्लास दिसेल.

मला फक्त तो फर्स्ट क्लास शब्द ऐकू आला. घासायला लागले तर तीन-चार दिवस जातील, तेवढ्यात मुलीचं मन बदलेल, हे म्हणतील राहू दे, किंवा माझंच मन मला खाईल. मी फक्त डबा आणि ब्रश घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती आणि हे पहिल्या पाळीला गेले होते. मुलगी आणि मी मिळून कपाट ओल्या फडक्याने पुसलं आणि रंग द्यायला लागलो. पहिला हात पारदर्शक बसला, खालचा काळपटपणा दिसत राहिला. म्हणून मी तो नीट वाळायच्या आधीच दुसरा दिला, जाडसर. दुपारी उशिरा हे आले तेव्हा कपाट पांढरंशुभ्र उभं होतं आणि सगळ्या घराला रंगाचा वास येत होता. मुलीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. हे दारात उभं राहून बघत राहिले आणि म्हणाले, मोठी वाटते खोली. मग अंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मला वाटलं होतं मी खूश होईन. महिनाभर तरी तसं मानून घेतलं.

पावसाळा लागला आणि आधी दारं चिकटायला लागली. उघडताना चर्र आवाज यायचा, कडेचा रंग दुसऱ्या दाराला लागून निघून यायचा. मग हँडलजवळ एक फोड आला. एकदा साडी काढताना माझं नख त्याला लागलं आणि दुधावरची साय निघावी तसा बोटभर रंग अलगद सुटला. खाली वॉर्निश जसंच्या तसं होतं, काळं, गुळगुळीत, चमकणारं. रंगाने त्याला धरलंच नव्हतं. मी ती पट्टी मुठीत घेऊन स्वयंपाकघरात आले आणि कचऱ्यात टाकली.

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी निघालेला भाग वाढलेला दिसायचा. हँडलपासून खाली, मग आडवा. मुलगी पलंगावर बसून अभ्यास करायची तिथून हात पोचेल एवढ्या उंचीवर जास्त. मला कळून चुकलं की ती मुद्दाम काढते. आईचं कपाट तिला परत हवं होतं आणि ते तिला माझ्याकडे मागता येत नव्हतं. मी तिला काही बोलले नाही. बोलायचा मला काय अधिकार, असं वाटायचं. उलट तिने सगळंच्या सगळं काढून टाकावं असं वाटायचं, म्हणजे तो विषय माझ्याशिवाय मिटला असता.

शेवटी एका संध्याकाळी, जमिनीवर पडलेले कपचे झाडताना मी म्हटलंच, की तुला आवडत नसेल तर सांग, आपण ते पूर्वीसारखं करून घेऊ, पण असं रोज थोडं थोडं काढू नकोस.

ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "मी एकटीच नाही काढत. तुम्ही पण काढता. सकाळी. मला आवाज येतो."

मी झाडू तसाच धरून उभी राहिले. ते खरं होतं. साडी घेताना रोज एखादी सुटलेली कड मी नखाने ओढत होते. ती जागी असते हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिने पहिल्यांदा भाजी नको म्हटलं. मला बरं वाटलं.

गणपती झाले आणि सायखेड्याहून फोन आला. या वेळी तो यांना होता. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं होतं, पण द्राक्षबागेची छाटणी तोंडावर असल्यामुळे त्यांच्या मुलाला दवाखान्यात थांबणं शक्य नव्हतं. मुलगी म्हणाली, नाना आपल्याकडे राहतील. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, त्यांच्या लेकीचंच घर आहे. बोलून गेल्यावर मला माझंच वाक्य कानाला टोचलं. मग आठवलं ते कपाट.

ते तसंच होतं, अर्धं पांढरं, अर्धं काळं, कोड फुटल्यासारखं. दोन दिवसांत काही करणं शक्य नव्हतं. पांढरा हात पुन्हा मारावा असंही मनात आलं, म्हणजे निदान विद्रूप दिसलं नसतं. डबा अजून होता. मी झाकण उघडलंसुद्धा. वरती जाड साय धरली होती. पुन्हा बंद केलं.

नाना आले ते यांच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर मेथी-कोथिंबिरीची पिशवी घट्ट धरून. पांढरं धोतर, टोपी, उंच बांधा. उंबऱ्याशी थांबून त्यांनी पायाने अंदाज घेतला. त्यांना माणसं सावल्यांसारखी दिसत होती. मी पाया पडले तर हात माझ्या डोक्याच्या थोडा बाजूला आला, मग सापडलं डोकं. म्हणाले, "ताई, तुम्हाला तरास द्यायला आलो."

मुलगी त्यांचा हात धरून त्यांना तिच्या खोलीत घेऊन गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले आणि दारातच थांबले. नाना सवयीने सरळ कपाटापाशी गेले होते. त्यांनी दारावर तळहात ठेवला आणि वरून खाली फिरवला. जिथे रंग सुटला होता तिथे कडेला बोटं अडली. थांबली. एक कपचा त्यांच्या बोटाला चिकटला, तो त्यांनी चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला, दिसला नाही बहुतेक, धोतराला पुसला. मग पलंगावर बसले आणि नातीला विचारलं, दहावीला गणित अवघड हाय का गं?

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तांब्या ठेवला आणि निघून आले.

ऑपरेशनच्या आधीच सांगून टाकावं असं मला सतत वाटत होतं. त्यांच्या पथ्याचं करताना, चहा देताना, प्रत्येक वेळी वाटायचं, आता. पण माणूस डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेला, त्याला हे आज कशाला, असं मी स्वतःला समजवायची. खरं तर त्यांना अजून दिसत नाही, तोवर माझं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ होता. एका म्हाताऱ्या माणसाच्या अंधत्वाचा मला आधार वाटत होता. हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी लॅबमधून रजा काढली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली आणि डॉक्टरांनी बोटं मोजायला सांगितली. नानांनी मोजली, आणि मग डॉक्टरांच्या शर्टाचं एक बटण तुटलंय हेही सांगितलं. सगळे हसले. काळा चष्मा लावून आम्ही रिक्षाने घरी आलो. वाटेत ते एकदा माझ्याकडे वळले, चष्मा किंचित वर करून मला नीट बघितलं आणि परत बाहेर बघायला लागले. त्यांनी माझं तोंड पहिल्यांदाच पाहिलं असेल. लग्नाला ते आले नव्हते.

घरी आल्यावर ते खोलीत गेले. मुलगी शाळेतून आलेली होती, तीही मागे आली. नाना कपाटासमोर उभे राहिले.

"पांढरा दिला का," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

"मी दिला, बाबा," मी म्हटलं. "मीच दिला. नीटही दिला नाही. तिला काही बोलू नका."

"नाना, मी म्हटलं होतं," मुलगी त्याच वेळी म्हणाली. "मावशींना मीच सांगितलं, पांढरा द्या म्हणून."

नानांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग पलंगावर बसले. मला वाटलं, ते आता पिशवी उचलतील आणि सायखेड्याला चालायला लागतील.

"हिच्या आईलाबी असंच पाहिजे होतं," ते म्हणाले.

मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"लगीन झाल्यावर पहिल्याच दिवाळीला मला म्हनली, नाना, लय काळं दिसतंय हे, याला फिका निळा रंग देऊ. मी म्हनलो, सागाला कोनी रंग लावतं का, लोक हसतील. पुढल्या साली परत म्हनली. मी वॉर्निशचा डबा घेऊनच आल्तो. असं लय वर्षं चाललं. मग तिनं म्हनायचं सोडून दिलं, अन् मी आपला हात देत राह्यलो." त्यांनी चष्म्याखालून डोळा पुसायला बोट नेलं, मुलीने पटकन हात धरला, कारण डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका असं बजावलं होतं. "साधं निळं तर मागत होती पोर. काय जात होतं माझं."

मग मला म्हणाले, "निघतोय तर निघू द्या हा. सगळा काढून टाका. पन आता देसाल तो नीट द्या. निळा द्या."

संध्याकाळी मी हे यांना सांगितलं. यांना ते आठवत नव्हतं. माझ्याजवळ तर कधी बोलली नाही निळ्या रंगाचं, म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, बापाजवळ बोलली असेल. त्यानंतर ते गच्चीवर जाऊन बसले आणि मी त्यांच्या मागे गेले नाही.

यांच्या त्या उत्तराने माझ्या मनात किडा सोडला. नानांनी ते खरंच सांगितलं, की माझं आणि नातीचं तोंड बघून जागच्या जागी रचलं? माझा अपराध हलका व्हावा म्हणून त्यांनी स्वतःवर एक अपराध घेतला असेल, तर मी त्यांच्यावर आणखीच काहीतरी लादलं होतं. आणि खरं असेल, तर त्या बाईने इतकी वर्षं मागितलेली गोष्ट मी, तिला कधी न पाहिलेलीने, एका दिवसात उरकून घेतली होती, तीही वाईट. दोन्हीकडून मला सुटका दिसत नव्हती.

नाना गावाला गेल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काम काढलं. घरात धूळ होणार, म्हणून ते नसतानाच करायचं होतं. यांनी बिजागऱ्या खोलून दोन्ही दारं गच्चीवर नेऊन दिली. मी त्याच दुकानात गेले. दुकानदाराला मी आठवत नव्हते, किंवा त्याने तसं दाखवलं. मी सगळं पहिल्यापासून विचारलं आणि या वेळी ऐकून घेतलं.

सुटलेला रंग पत्रीने, म्हणजे रंगाऱ्याच्या पातळ पात्याने, खरवडून काढायला फार वेळ लागला नाही; जिथे आम्ही दोघींनी रोज काढला होता तिथे तर काहीच उरलं नव्हतं. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाट पुसलं. हँडलभोवतीच्या लाकडातून इतका तेलकट मळ निघाला की पाणी तीनदा बदललं. वर्षानुवर्षांचे हात होते ते. त्यातले बरेचसे तिचे असणार. ते पाणी ओतताना मी क्षणभर थांबले, मग ओतलं.

घासायचं काम सगळ्यात लांबलं. दुकानदाराने सांगितलं होतं, वॉर्निश पूर्ण काढायची गरज नाही, चमक मेली पाहिजे. गुळगुळीतावर प्रायमर बसत नाही, खरबरीतावर धरतो. मी एका दारावर, मुलगी दुसऱ्यावर. तपकिरी भुकटी आमच्या हातांवर, भुवयांवर, नाकावर बांधलेल्या ओढणीवर बसत होती. उन्हात धरून बघितलं की कुठे चमकतंय ते कळायचं, तिथे परत घासायचं. एका जागी मी जोरात घासलं आणि खालचं मूळ लाकूड उघडं पडलं, मधासारखं. मुलीने ते बघितलं आणि म्हणाली, हे असं होतं का आधी? मी म्हटलं, असेल. ती त्यावर बोट फिरवत राहिली.

घासता घासता ती आपणहून आईबद्दल बोलली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. नाना वॉर्निश द्यायला आले की वासाने मम्मीचं डोकं दुखायचं, म्हणाली. मग मम्मी तिला घेऊन बाहेर ओट्यावर बसायची, दोघी दिवसभर ओट्यावरच जेवायच्या, मम्मी तिथेच करंज्या करायची. नानांना मात्र कधी सांगितलं नाही की डोकं दुखतं. त्यांना वाईट वाटलं असतं ना, मुलगी म्हणाली.

मी विचारलं, निळ्याचं काही बोलायची का? तिने आठवून बघितलं. मग नाही अशी मान हलवली. मी लहान होते मावशी, म्हणाली.

प्रायमरचा पातळ हात दिला आणि वाळू दिला. मुलीला घाई होती, हात लावून बघायची, झालं वाळून म्हणायची. मीच नको म्हणायची. जी बाई उन्हाळ्यात एका दुपारी सगळं उरकून मोकळी झाली होती, ती आता बोट लावू देत नव्हती, याचं मुलीला हसू आलं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी प्रायमरवरून हलकेच बारीक पेपर फिरवला आणि पुसून घेतलं. रंग कुठला, ते ठरवायला तिने नानांना फोन केला. फिका निळा म्हणजे कसला? नाना म्हणाले, आपल्या शाळेच्या खिडक्यांसारखा. तिच्या मामाने गावातल्या शाळेच्या खिडकीचा फोटो पाठवला. तो दाखवून आम्ही दुकानातून तसा रंग बनवून घेतला.

खरं सांगायचं तर मला तो रंग आवडला नाही. सरकारी वाटला. पांढराच छान होता. हे मी कुणालाही बोलले नाही आणि ब्रश उचलला. आधी कपाटाच्या एका बाजूला, भिंतीलगतच्या कडेवर हातभर रंग देऊन बघितला, वाळू दिला आणि नखाने ओढून पाहिलं. आधी मी, मग मुलीने. निघाला नाही. मग दारांना दिला, पातळ, लाकडाच्या रेषेने, एका दिशेने. मधला हात वाळायला पूर्ण दिवस दिला. शेवटच्या हातानंतर दारं लगेच बसवली नाहीत. कडा पक्क्या वाळल्याशिवाय ती एकमेकांना चिकटतील, हे आता मला कळलेलं होतं. आठवडाभर दारं गच्चीवरच्या पत्र्याखाली उभी होती आणि उघड्या कपाटातले आमचे कपडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते, माझे, मुलीचे आणि वरचं ते गाठोडंही. आतून आम्ही रंग दिला नाही. आत वॉर्निश तसंच आहे.

हे होऊन आता दोन पावसाळे गेले. रंग कुठेही सुटलेला नाही. हँडलजवळ थोडा मळलाय, पुसला की निघतो.

कपाट पहिल्यांदा बघायला नाना आले ते त्याच वर्षीच्या थंडीत, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. बघितलं, हात फिरवला, बेस झालं म्हणाले. आणखी काही नाही. मला वाटत होतं, लेकीबद्दल काही बोलतील. त्यांनी गूळ-शेंगदाणे काढून नातीला दिले आणि मलाही मूठभर दिले.

त्या डोळ्याच्या तपासणीला मीच त्यांना घेऊन गेले. परत येताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. मी कितीदा मनाशी वाक्य जुळवलं होतं: बाबा, ते निळ्या रंगाचं तुम्ही खरं सांगितलंत ना? सातपूरच्या बाजूला सिग्नलला रिक्षा थांबली. दोन्ही डोळ्यांनी पहिल्यांदाच सगळं लख्ख दिसत होतं त्यांना, आणि ते रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. टायर पंक्चर. लेथ मशीनचं काम मिळेल. खोल्या भाड्याने देणे आहे. एखादी लांबची पाटी वाचता आली की माझ्याकडे बघायचे, बरोबर आहे का, अशा नजरेने. मी दर वेळी मान हलवत होते.

"ती तिकडची बारीक अक्षरं दिसती का गं तुला?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. मला दिसत नव्हती. तसं सांगितलं, तर त्यांनी ती मला वाचून दाखवली.